उघड्या फायरप्लेसमध्ये इन्सर्ट बसवला: अख्ख्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

विटांच्या जुन्या उघड्या फायरप्लेसमध्ये काचेचं दार असलेला, लाकडावर चालणारा ५ किलोवॅटचा इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी बंद शेगडी, बसवला, त्याला आता एक हिवाळा उलटला. घेण्याआधी मी वाचलेले बहुतेक रिव्ह्यू बसवल्यापासून आठवड्याभरात लिहिलेले होते. त्या आठवड्यात सगळ्यांचीच काच चकचकीत असते, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

आधी जुन्या फायरप्लेसबद्दल. उघड्या आगीपुढे तोंड भाजतं आणि पाठ गारठते, हे वापरणाऱ्याला सांगायला नको. आग खोलीतली हवा भसाभसा ओढून धुराड्यातून वर सोडते आणि तेवढीच थंड हवा फटीफटींतून आत येते. लाकडातली जेमतेम दहाएक टक्के उष्णता खोलीला मिळते. आमची तर शिवाय खोलीत धूरही सोडायची. टेप लावून बघितलं: फायरप्लेसचं तोंड ३६ बाय २८ इंच, म्हणजे १,००८ चौरस इंच. धुराड्याचा आतला छेद तोंडाच्या साधारण एक दशांश तरी लागतो, म्हणजे इथे शंभरेक चौरस इंच. निघाला ७ बाय ११, म्हणजे ७७. लाकूड कितीही सुकं घाला, धूर घरात येणारच होता.

फायरप्लेस आत कमी खोल, बाजू तिरप्या आणि धूर वर शिरतो तो गळा अरुंद ठेवा, हे काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्येच लिहून ठेवलंय. विटकाम फोडून तसं बांधून घेता आलं असतं. उष्णता समोर जास्त फेकली गेली असती, पण खोलीतली ऊबदार हवा वर जायची ती गेलीच असती. इलेक्ट्रिक फायरप्लेस म्हणजे शेवटी दीड-दोन किलोवॅटचा हीटर आणि पुढे ज्वाळांचा देखावा. धुराडंच नसलेल्या घरात ठीक. गॅसमध्ये राख आणि लाकडं रचायची कटकट वाचते. वेळ नसेल तर बेलाशक गॅस घ्या. आमच्याकडे लाकडं सुकवायला आडोसा होता, म्हणून इन्सर्ट.

आता साइझ, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. ढोबळ हिशेब असा: बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या घरात दर १४ घनमीटरला, म्हणजे सुमारे ५०० घनफुटांना, १ किलोवॅट. आमची खोली १८ बाय १५, उंची ९ फूट, २,४३० घनफूट. म्हणजे पाचच्या आत. विक्रेता मात्र ८ किलोवॅटच्या मॉडेलवर अडून बसला होता. ‘थोडा मोठा असलेला बरा, आग कमी करून वापरा.’ हा सल्ला हीटरला चालतो, लाकडाला नाही. मोठ्या भट्टीत खोली लगेच तापते, मग आपण हवेची झडप बंद करत नेतो आणि लाकूड धडधडून जळायच्या ऐवजी धुमसत राहतं. काच काळी पडते हा त्यातला किरकोळ त्रास. अर्धवट जळलेला धूर वर जाताना साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गार झाला की धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकटतो. तेच क्रिओसोट, आणि धुराड्याला आग लागते ती त्याचीच. छोटा इन्सर्ट पूर्ण जोमात चालवता येतो. ऐन थंडीत आमचा पाच किलोवॅटचा कमी पडला असं एखाद-दोन रात्रीच वाटलं, त्या रात्री स्वेटर घातले.

धुराड्याचं काम दिसत नाही, म्हणून लोक तिथेच हात आखडता घेतात. जुन्या धुराड्यातून १५० मिलिमीटर व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे धूर नेणारा आतला नळ, खाली आणला आणि त्याच्या भोवती इन्सुलेशन गुंडाळून घेतलं. बसवायला आलेला माणूस इन्सुलेशन ‘लागत नाही’ म्हणत होता. आमचं धुराडं बाहेरच्या भिंतीवर आहे, तिथे ते लागतंच. छेद ७७ वरून सुमारे २७ चौरस इंचांवर आला तरी धूर वर ओढणारी खेच वाढली, कारण दार बंद असल्याने हवा मोजकी आत जाते आणि धूर गरम राहून झपाट्याने वर निघतो. धुराड्याचं टोकही तपासून घ्या: छपरातून निघतं तिथपासून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आतल्या छपराच्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट उंच, हा जुना नियम आहे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जोरात चालू असेल तर दार उघडताच धूर आत येतो, हेही ध्यानात ठेवा.

रोजच्या वापरात सगळं लाकडावर येऊन ठेपतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ‘सुकं’ म्हणून आलेल्या एका ढिगाऱ्यात ओलावा मोजायचा मीटर खुपसला तर बाहेरून १६ दाखवत होता. तोच ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टेकवला तर ३१! तेव्हापासून मोजतो ते फोडूनच. तो ढीग आडोशाला पुढच्या हिवाळ्यासाठी रचून ठेवला. पेटवताना मोठी लाकडं खाली, त्यावर बारीक फोडी, सगळ्यात वर काटक्या, आणि काडी वरून लावायची. धूर निम्म्याहून कमी वाटतो. पूर्ण जोरात तासाला दीड-पावणेदोन किलो लाकूड लागतं, आणि ते बरोबरच आहे: सुक्या लाकडाच्या किलोत साधारण ४ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता असते, त्यातली तीनएक खोलीत येते.

काच सकाळी ओल्या वर्तमानपत्राला चिमूटभर राख लावून पुसली की लख्ख होते. महागडा फवारा आणून तसाच पडलाय. हिवाळा सरता सरता काचेचा डावा खालचा कोपराच काळा पडायला लागला. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिलं. इतरत्र पट्टी घट्ट बसायची, त्या कोपऱ्यात सुळकन बाहेर आली. दाराच्या कडेने फट बंद करणारी दोरी तिथे दबली होती. दोरी आणि चिकटवायचा सिमेंट एवढंच सामान लागलं, काम स्वतःच केलं. इन्सर्टच्या आतल्या मागच्या पॅनेलला केसाएवढी चीर गेलीय. तुकडा पडत नाही तोवर चिंता नाही.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढा आणि बादली घराबाहेर ठेवा. आत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत हवाच, त्यात काटकसर करू नका. धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्यायचं. आमच्याकडे यंदा काजळी निघाली ती कोरडी आणि भुकटीसारखी, चिकट काही नाही.

तक्रार आहे ती पंख्याची. गरम हवा पुढे ढकलायला इन्सर्टखाली जो ब्लोअर दिलाय तो दुसऱ्या गतीवर इतका घुंई करतो की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. पहिल्या गतीवर चालतो, पण मग शेजारच्या खोलीत ऊब पोचत नाही. ब्लोअर नसलेलं मॉडेलही मिळतं. एकच खोली तापवायची असेल तर तेच घ्या.