इन्स्क्रिप्ट कळफलक: गावातल्या नवशिक्या बायकांना शिकवताना नऊ महिन्यांचा अनुभव

मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी आठवड्यातून तीन दिवस संगणकाचा वर्ग घेते. चार जुने डेस्कटॉप आणि अकरा बायका. दोघी अंगणवाडीच्या ताई, बचत गटाच्या अध्यक्ष आणि सचिव, बाकीच्या रानातली कामं उरकून येणाऱ्या. बहुतेकींची शाळा सातवी-आठवीत सुटलेली. सुरुवातीचे दोन महिने मी सगळ्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायला शिकवलं. जूनपासून ते बंद करून विंडोजमधला मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक धरला, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग न लागता थेट मराठी अक्षराचीच कळ दाबायची. तो कोणाला शिकवावा, कोणाला शिकवू नये, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

बदल का केला ते आधी सांगते. एका मावशींना त्यांचं नाव टाइप करायचं होतं, लक्ष्मी. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, ह्याचं इंग्लिश स्पेलिंग काय?" मी एक स्पेलिंग सांगितलं, तर बँकेच्या पासबुकात दुसरंच होतं. त्या बाईंना लक्ष्मी हा शब्द पहिलीपासून लिहिता येतो. क्ष, त्याला म जोडायचा, दीर्घ वेलांटी. आणि मी मात्र त्यांना आधी इंग्रजीच्या दारात उभं करत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

इन्स्क्रिप्टला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडायची, की विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल होते. हा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनं, एवढं एक वाक्य सांगितलं की बायकांना पाटी डोळ्यांपुढे दिसते. क च्या कळीवरच शिफ्ट धरली की ख, ग वर घ, त वर थ. वेलांटीच्या कळीवर शिफ्ट धरली की इ. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, नुसतं दाखवावं लागतं.

सगळ्यात मोठा फायदा मधल्या ओळीचा. बोटं जिथे टेकतात तिथे डावीकडे ओ ची मात्रा, ए ची मात्रा, पाय मोडायची कळ, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार आणि उजवीकडे प, र, क, त, च, ट. एवढ्यात पहिल्याच दिवशी खरे शब्द होतात: रोप, पोते, परत, रोपटे. तिसऱ्या दिवशी मी पत्र हा शब्द दिला. प, त, पाय मोडायचा, र. स्क्रीनवर आधी प आणि त दिसले, मग त चा पाय मोडला आणि र दाबल्याबरोबर तिथे त्र उभा राहिला. ज्यांनी तो टाइप केला त्या बाईंनी पुसून पुन्हा टाइप केला, पुन्हा पुसला, पुन्हा केला. सहा-सात वेळा. मी थांबवलं नाही.

आता अडचणी. त्या आहेत आणि शिकवणाऱ्याने आधीच ओळखून ठेवलेल्या बऱ्या.

पहिली ऱ्हस्व वेलांटीची. पडद्यावर ती अक्षराच्या आधी दिसते, म्हणून बायका आधी वेलांटी दाबतात आणि मग एक ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. घाबरून हात मागे जातो. "आधी अक्षर, मग त्याचं लेणं" असं मी म्हणत गेले, ते चाललं. दुसरी रफाराची. हाताने लिहिताना आपण रफार शेवटी देतो, त्यामुळे सर्व लिहायला गेलं की सव्र येतं. इथे जसा उच्चार तशा कळी: स, र, पाय मोडायचा, व. हे वळण पडायला माझ्या वर्गात महिनाभर लागला. तिसरी चंद्रकोरीसारख्या ऱ ची. शेतकऱ्यांना हा शब्द आमच्याकडच्या प्रत्येक अर्जात येतो आणि साध्या र ने लिहिला तर डोक्यावर रफार चढतो, अर्थाचा विचका. र च्याच कळीवर शिफ्ट धरून तो जोडायचा असतो. अंगणवाडीच्या ताईंना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही आजवर तसंच पाठवत होतो की!"

स्टिकरबद्दल वेगळं लिहायला हवं. कळींवर मराठी अक्षरं छापलेली नव्हती, म्हणून तालुक्याच्या एका दुकानातून साधे प्लॅस्टिकचे चिकटणारे घेतले. तिसऱ्या महिन्यात त्यांचे कोपरे सुटले, घामाने शाई पुसट झाली. त्याहून वाईट म्हणजे वेलांटी आणि र ह्या दोन कळींवर बोटाला लागणारी बारीक रेघ असते, ती स्टिकरखाली दबली. न बघता बोटं जागेवर यायची खूण तीच. मी ब्लेडने त्या दोन स्टिकरांचा खालचा भाग कापला. आता नव्या बायकांना स्टिकर देतच नाही. मोठ्या पुठ्ठ्यावर कळफलक रंगवून भिंतीला लावलाय. मान वर होते, आणि बोटं आपोआप शोधायला लागतात.

कंट्रोलची जोडबटणं मराठी कळफलकावरही तशीच चालतात. त्यामुळे आमच्या वर्गात त्यांची नावंच बदलली. साठवायचं म्हणजे कंट्रोल-मात्रा, कारण साठवायला कंट्रोल-एस लागतं, आणि ए ची मात्रा आणि एस एकाच कळीवर. छापायचं म्हणजे कंट्रोल-ज. नक्कल उचलायची ती कंट्रोल-म, चिकटवायचं ते कंट्रोल-न. आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, त्यामुळे दर परिच्छेदाला कोणीतरी "मात्रा दाबा गं" म्हणतं. हे मला फार मोलाचं वाटतं. बाहेर दुसऱ्या वर्गात गेल्या तर इंग्रजी नावं शिकावी लागतील, ती चार दिवसांत येतील.

पासवर्ड, ईमेलचा पत्ता, सातबारा बघताना चित्रातली अक्षरं भरणं, ह्याला इंग्रजी कळी लागतातच. ते मी डिसेंबरनंतर घेतलं. तोवर हातातली भीती गेलेली होती, त्यामुळे सव्वीस अक्षरं शोधणं जड गेलं नाही. बचत गटाच्या हिशेबाच्या तक्त्यात नावं मराठीत, आकडे मात्र उजवीकडच्या नंबरांच्या कळींवरून. सचिव ताईंनी जानेवारीची बचत, कर्जाचे हप्ते आणि व्याज पहिल्यांदा स्वतः मांडलं आणि बेरीज वहीशी ताडून पाहिली. जुळली.

फोनला बोलून टाइप होतं, मग हे कशाला, असं घरची पोरं विचारतात. बोलून होतं, पण आमची मंगळवेढी बोली फोन नीट धरत नाही, आणि चुकलेला शब्द दुरुस्त करायला शेवटी बोटच लागतं. रोजच्या निरोपाला फोन, अर्जाला कळफलक, असं माझं मत झालंय.

हा कळफलक सगळ्यांसाठी नाही. ज्यांचे हात इंग्रजी अक्षरांवर बसलेत त्यांनी हट्टाने सोडू नये. टंकलेखनाची परीक्षा द्यायची असेल तर तिथे कुठला कळफलक चालतो ते आधी बघावं, नाहीतर मेहनत पाण्यात. आणि ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांना शिफ्ट धरणं खरंच दुखतं. आमच्यातल्या एका आजींसाठी मी विंडोजची स्टिकी कीज सोय चालू केली, म्हणजे शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढचं अक्षर बरोबर येतं. त्या आता त्याच मशीनवर बसतात.

एक गोष्ट मला आधी माहीत असून सुचली नव्हती: इन्स्क्रिप्टची मांडणी कन्नडलाही तीच आहे. वर्गातल्या एकींचं माहेर विजयपूरकडचं, शाळा कन्नडमध्ये झालेली. फेब्रुवारीत मी त्यांच्या मशीनवर कन्नड इन्स्क्रिप्ट जोडला. क च्या जागी क, त च्या जागी त, पाय मोडायची कळही तीच. त्यांनी बोटं तशीच ठेवली आणि आईचं नाव कन्नडमध्ये टाइप केलं. मग प्रिंट मागितली. पुढच्या सोमवारी त्या भावाला पत्र लिहायला बसणार आहेत, चार ओळींचं, त्यासाठी मी कन्नड कळफलकाचा दुसरा पुठ्ठा रंगवतेय.