गाणारा कोण, सोंग घेणारा कोण: ‘आय कॅन सी युअर व्हॉइस’ कोणत्या देशाचा बघावा?

मंचावर सहा माणसं ओळीने उभी आहेत. एकाच्या अंगात डॉक्टरी कोट, एक तालमीतून थेट आल्यासारखा, एक शाळकरी चेहऱ्याची मुलगी. अजून एकानेही सूर लावलेला नाही. यांतले काही उत्तम गातात, काही साफ बेसूर आहेत, आणि कोण कोणत्या गटातला हे त्यांना गाताना न ऐकता ओळखायचं आहे. ‘आय कॅन सी युअर व्हॉइस’ या खेळाचं मूळ एवढंच. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी दक्षिण कोरियाच्या एमनेट वाहिनीवर तो सुरू झाला. त्याच्या कोरियन नावाचा अर्थ ‘तुझा आवाज दिसतो’. पुढच्या पाच-सहा वर्षांत तो थायलंड, फिलिपिन्स, जर्मनी, अमेरिका, ब्रिटन असा फिरला आणि जाईल तिथे त्याचा स्वभाव बदलला.

सुट्टीत घरच्यांबरोबर बघायला यातला कोणता घेऊ, असं माझ्या मावसबहिणीने विचारलं. फोनवर बरंच बोलूनही माझं समाधान झालं नाही, म्हणून नीट लिहून काढते. माझं उत्तर कोरियन आहे. पण ते सगळ्या घरांना लागू नाही, म्हणून बाकीच्यांबद्दलही सांगते.

आधी कोरियन. इथे ओळखायला बसतो तो पाहुणा म्हणून आलेला नामवंत गायक, किंवा गायकांचा अख्खा गट. फेरीगणिक तो एकेकाला ‘हा बेसूर’ म्हणून बाजूला काढतो. बाजूला काढलेल्याने मग माइक हातात घेऊन खरोखर गायचं, आणि तेव्हा कळतं की पाहुण्याचा अंदाज बरोबर होता की त्याने एक चांगला गळा हातचा घालवला. शेवटी जो उरेल त्याच्याबरोबर पाहुण्याने युगुलगीत गायचं. समोरचा खरा आहे की खोटा, हे त्याने तोंड उघडेपर्यंत कळत नाही. सुरुवातीच्या पर्वांतला नियम असा: उरलेला माणूस खरा गाणारा निघाला तर दोघांचं गाणं डिजिटल स्वरूपात प्रसिद्ध होणार, बेसूर निघाला तर त्याला ५० लाख वॉन मिळणार.

मला हा नियम फार शहाणा वाटतो. गाणाऱ्याला गाणं मिळतं, सोंग वठवणाऱ्याला पैसे. पाहुण्या गायकाच्या पदरात पैसा पडत नाही, त्याचा कान आणि त्याची नजर तेवढी पणाला लागते. म्हणून खरं काय ते उघड होतं त्या क्षणी आपले डोळे आपोआप माइक धरलेल्या माणसावर जातात. पहिल्या दोन ओळींत त्याचा आवाज वर चढतो, पाहुणा खुर्चीतून उठून उभा राहतो, डोक्याला हात लावतो. सगळी मजा त्या दोन ओळींत आहे.

सर्वांत रंगते ती ओठ हलवण्याची फेरी. यात खरे गाणारे स्वतःच्याच ध्वनिमुद्रित आवाजावर ओठ हलवतात आणि बेसूर लोक दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजावर. म्हणजे कानाला ऐकू येतंय ते गाणं सुरेलच असतं, प्रश्न फक्त तो गळा त्याचा की उसना एवढाच. इथे गाण्याचा थोडाही सराव असलेला माणूस पुढे असतो. ओळीच्या आधी श्वास कुठे घेतला, तार सप्तकात जाताना मानेच्या शिरा ताणल्या का, लांब सूर संपताना छाती रिकामी झाल्यासारखी दिसली का, जबडा स्वराप्रमाणे उघडतोय की नुसत्या शब्दाप्रमाणे, याकडे बघायचं. बेसूर मंडळी ओठ घटवून आलेली असतात, पण दमसास घटवणं अवघड. आपण पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, हे आपण पडद्यावर पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो, त्यामुळे जुळलेले आणि न जुळलेले ओठ ओळखायची नजर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असतेच. माझ्या सासूबाईंना कोरियन भाषेतला एक शब्द कळत नाही, पण या फेरीत त्या माझ्या लेकीला आणि मला हरवतात. भाषा न कळण्याचा इथे फायदाच होतो असं मला वाटायला लागलंय. शब्दांत मन अडकत नाही, नजर सरळ गळ्यावर राहते.

याच आवृत्तीच्या ताकदीचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे गायक ह्वांग ची-योल. २००७ पासून गात असूनही नाव नाही, इतरांना गायला शिकवून चाललेलं, अशा अवस्थेत तो २०१५ साली या कार्यक्रमात आला. तिथून लोकांना त्याचा आवाज कळला, आणि पुढच्याच वर्षी चीनच्या हुनान वाहिनीवरच्या ‘आय अ‍ॅम अ सिंगर’मध्ये गाऊन तो चीनमध्ये प्रचंड लोकप्रिय झाला. खेळातल्या एका फेरीने माणसाचं आयुष्य असं पालटणं, यासाठी मी या कार्यक्रमाच्या प्रेमात आहे.

आणि बेसूर लोकांचं काय? मुलांबरोबर बघायचं असेल तर हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गाण्याच्या कितीतरी स्पर्धांत निवड फेरीतले बेसूर स्पर्धक हसण्यासाठी म्हणून दाखवतात, आणि ते बघताना माझ्या पोटात कालवतं. इथे बेसूर माणूस स्वतःहून सोंग घेऊन येतो, मेहनतीने घटवतो, आणि फसवण्यात यशस्वी झाला तर जिंकतो. हसू येतं, पण त्याच्याबरोबर येतं. कोरियात अशा माणसाला ‘उमची’ म्हणतात, आपण ज्याला गाण्यातला औरंगजेब म्हणतो तो. लेकीने हा शब्द घरात रुजवला आहे.

आता अमेरिकन. फॉक्स वाहिनीवर २३ सप्टेंबर २०२० ला सुरू झाला, सूत्रसंचालक विनोदी अभिनेता केन जोंग. तोच केन जोंग जो पूर्वी खरोखरचा डॉक्टर होता आणि मुखवटे घालून गाण्याच्या ‘द मास्क्ड सिंगर’ या कार्यक्रमाच्या परीक्षकांत बसतो. इथे ओळखणारा सामान्य माणूस असतो, शेजारी मदतीला चेरिल हाइन्स, एड्रिएन बेलॉन-हाउटन वगैरे प्रसिद्ध मंडळी आणि एक पाहुणा गायक. बक्षीस एक लाख डॉलरपर्यंत. शेवटी त्या माणसापुढे दोन वाटा ठेवतात: आतापर्यंत जमलेले पैसे घेऊन घरी जा, नाहीतर ते सगळे उरलेल्या एका आवाजावर लाव.

ताण छान तयार होतो, हे मान्य. पण सगळं वजन सरकतं. कोरियन आवृत्तीत आपण गाणाऱ्याकडे बघत असतो, इथे कॅमेरा पैशांवर डोळे लावून बसलेल्या स्पर्धकाकडे वळतो, कारण डाव त्याचा आहे. गाणारी व्यक्ती त्याचं नशीब उघडणारी पेटी बनते. एखादी बाई अप्रतिम गाते, आणि मला तिचा शेवटचा सूर पुरता ऐकायचा असतो तोवर इकडे उड्या आणि मिठ्या सुरू झालेल्या असतात. परीक्षकांची बडबडही फार. केन जोंगचा उत्साह मनापासूनचा आहे, माणूस उबदार आहे, पण गाण्याला जी शांतता लागते ती त्याच्या कार्यक्रमात सापडत नाही. ज्यांना पैशांच्या खेळातली धाकधूक आवडते, ‘थांबू की खेळू’ हा प्रश्न सोफ्यावर बसून ओरडून सोडवायला आवडतो, त्यांनी मात्र हाच घ्यावा. गाणी ओळखीची इंग्रजी पॉप असतात, हाही कॉलेजमधल्या मुलांसाठी एक मुद्दा.

ब्रिटिश आवृत्ती मला अमेरिकनपेक्षा जास्त आवडली. बीबीसी वन, १० एप्रिल २०२१ पासून, सूत्रसंचालक पॅडी मॅकगिनेस. ओळखायला एकट्याऐवजी जोडी असते, आणि दोघांचं आपसात पटत नाही तिथे खरी गंमत येते, अगदी आपल्या घरातल्यासारखी. बक्षीस १०,००० पौंड. शेवटचा माणूस खरा गाणारा असेल तर पैसे जोडीला, बेसूर निघाला तर पैसे त्या बेसुराला. म्हणजे कोरियन नियमाचा अर्धा शहाणपणा इथे टिकून आहे: फसवणाऱ्याला त्याच्या कलेचं मोल मिळतं. जोडीच्या मदतीला बसलेल्या जिमी कार, ॲलिसन हॅमंड, अमांडा होल्डन यांचे विनोद भराभर येतात, ते पकडायला ब्रिटिश इंग्रजीची सवय हवी. घरातल्या आजी-आजोबांना ते निसटतील.

थायलंड आणि फिलिपिन्सबद्दल थोडक्यात. थाई आवृत्ती वर्कपॉइंट वाहिनीवर जानेवारी २०१६ पासून, आणि तिचे शेकडो भाग झालेत. इथेही कोरियन पद्धतीने पाहुणा गायकच ओळखायला बसतो. फिलिपिन्सची १६ सप्टेंबर २०१७ ला एबीएस-सीबीएनवर लुईस मान्झानोने सुरू केली. तिथे ‘सिंगर’ आणि टागालोगमधला ‘सिंतुनादो’ म्हणजे बेसूर, हे दोन्ही शब्द इंग्रजी ‘see’ने, म्हणजे बघण्याने, सुरू करून लिहितात. मला ही शब्दयोजना फार गोड वाटली. पण दोन्हीकडे गप्पांचा भाग मोठा, आणि उपशीर्षकांशिवाय त्या गप्पा डोक्यावरून जातात. कोरियन आवृत्ती मनात बसली की मग इकडे यावं.

काही जण विचारतील, मग ‘मास्क सिंगर’च का नको? ते भावंडच आहे. एमबीसी वाहिनीचा ‘किंग ऑफ मास्क सिंगर’ही २०१५ चाच, कोरियाचाच. तिथे खेळ उलटा: आवाज ऐकू येतो, चेहरा मुखवट्याआड. गायनाच्या दर्जाने बघाल तर तो वरचढ आहे, कारण गाणारे बहुतेक मुरलेले असतात. नावाच्या ओझ्याखालून गळा मोकळा होतो हे तिथे दिसतं. अमेरिकन आवृत्तीचं २०१९ चं पहिलं पर्व गायक टी-पेनने जिंकलं, ज्याचं नाव वर्षानुवर्षं ऑटो-ट्यूनशी, म्हणजे आवाजाचे सूर यंत्राने जुळवण्याशी, जोडलेलं होतं. मुखवट्याआड तो त्या यंत्राच्या आधाराशिवाय गायला आणि लोक थक्क झाले. पण या खेळातली निम्मी गंमत मुखवटा उतरल्यावर माणूस ओळखीचा निघण्यात आहे. कोरियन कलाकार ठाऊक नसतील तर मुखवटा उतरतो आणि आपल्याला कुणीच भेटत नाही. ‘आय कॅन सी युअर व्हॉइस’मध्ये ही अडचण नाही. गाणारे कोरियातल्या लोकांनाही बहुतेक अनोळखीच असतात, त्यामुळे आपण आणि ते एकाच पायरीवर.

म्हणून मावसबहिणीला सांगितलं ते असं. घरात तीन पिढ्या असतील आणि एकाला तरी उपशीर्षकं वाचून सांगायचा कंटाळा नसेल, तर कोरियन घ्या, आणि २०१५ च्या पहिल्या पर्वापासून, ह्वांग ची-योल असलेला भाग चुकवू नका. भाग तासाभराहून मोठे असतात, जेवणाआधी सुरू केलात तर पोळ्या लाटायला कुणी उठणार नाही. दोघंच बघणार असाल, इंग्रजी सरावाचं असेल आणि थोडक्यात आटपायचं असेल, तर ब्रिटिश. अमेरिकन आवृत्ती मुलांच्या मित्रमंडळींसाठी ठेवा.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. ओठांची फेरी झाली की थांबवा, प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहा, आणि मगच पुढे जा. नंतर ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणायला जागा राहत नाही. आमच्याकडे सासूबाई चष्मा पुसून घेतात, चेहऱ्याकडे बघतच नाहीत, नजर फक्त गळ्यावर. कोरियन नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून चिठ्ठीवर रंग लिहितात: ‘निळा खरा. पिवळी खोटी. डॉक्टर श्वास चुकीच्या जागी घेतो.’