प्लॅस्टिकच्या डोंग्यावरची बॅटरी: आठ महिन्यांनंतर

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका हौशी माणसाकडून जुनी कयाक घेतली. इटियाडोह धरणाच्या काठावर तिला सगळे प्लॅस्टिकचा डोंगाच म्हणतात. घरात मासेमारी जाळ्याची, गळाचा नाद माझा एकट्याचा. कयाकसोबत पाच इंची फिशफाइंडर आला, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, पण बॅटरी आली नाही.

सुरुवात घरात होतं त्यावर केली. धानाच्या फवारणी पंपातली बॅटरी काढली: लेड-ॲसिड, १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर घेत राहिलं तर आठ तास. मल्टिमीटर लावून पाहिलं तर स्क्रीन पूर्ण उजेडावर असताना फिशफाइंडर ०.६ अँपिअर घेतो. म्हणजे कागदावर तेरा तास. पण लेड-ॲसिड दरवेळी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, त्यामुळे हाती सहा-सातच तास. आमची तर दोन हंगाम फवारून आलेली. तीन तासांत स्क्रीन मालवायची, आणि अडीच किलोचं ओझं वाहायचं ते वेगळंच.

मग डिसेंबरात १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. चार हजारांच्या वर गेली. वजन दीड किलोच्या आसपास. फक्त फिशफाइंडरवर हिशेबाने वीस तास चालायला हवी, मला सतरा-अठरा मिळतात. दोन दिवस पहाटे-संध्याकाळ फिरून तिसऱ्या दिवशी चार्ज करतो. भारनियमनाच्या गावात हे सुख मोठं आहे.

पण हिने मला एकदा चांगलंच फसवलं. लेड-ॲसिडची सवय अशी की १२.७ व्होल्ट दिसलं म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. हळूहळू उतरते, आधी सांगते. फेब्रुवारीत एका संध्याकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात १२.९ दिसत होतं. भरपूर आहे समजून मी बुडालेल्या खुंटांच्या बाजूला मरळ शोधत राहिलो. त्या खुंटांतून वाट मी स्क्रीनवर बघूनच काढतो. थोड्या वेळाने स्क्रीन काळी. दिवाही त्याच बॅटरीवर, तोही गेला. लिथियममध्ये १२.९ म्हणजे तळाला पाचवा हिस्सा उरलेला असतो. मधला बहुतेक वेळ ती १३.३ ते १३ च्या आतच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. आतलं संरक्षण सर्किट पुरवठाच तोडून टाकतं. काठावरून बाबा टॉर्च हलवत ओरडले, "का दिसते रे तुया टीव्हीत?" खुंटांना घासत, वल्ह्याने चाचपत बाहेर आलो.

तेव्हापासून व्होल्ट बघणं सोडलं. डब्याच्या झाकणावर कागद चिकटवलाय, त्यावर वापरलेले तास लिहितो. पंधरा झाले की चार्जिंग. दिवा आता वेगळ्या सेलवर.

त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी नवीनच भानगड. पंपाचा चार्जर लावला तर त्याला बॅटरी दिसेचना, कारण आतल्या सर्किटने पुरवठा तोडलेला असताना बाहेर शून्य व्होल्ट. लिथियमसाठीचा १४.६ व्होल्टचा चार्जर आणला तेव्हा ती जागी झाली. तो बॅटरीसोबतच घ्यायला हवा होता, तिथे मी पैसे वाचवायला गेलो. तीन अँपिअरचा आहे, रिकामी बॅटरी साधारण साडेचार तासांत भरतो.

वायरिंगवर मात्र मी खूश आहे, अर्थात दुसऱ्यांदा केलेल्या. पहिल्यांदा पातळ वायर, पिळून टेप मारलेले सांधे आणि फ्यूज नाही. महिनाभरात टेपखाली हिरवी पूड जमली, आणि एकदा दोन तारा एकमेकींना लागून वायरचं कव्हर वितळलं. पाण्याच्या मधोमध जळक्या प्लॅस्टिकचा वास येणं काय असतं ते विचारू नका. आता दीड एमएमची वायर, वायरच्या टोकांना दाबून बसवलेले धातूचे लग, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) आणि व्हॅसलीनचा हात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चार बोटांवर ३ अँपिअरचा फ्यूज. तो उपकरणाजवळ लावला तर मधल्या वायरला संरक्षणच राहत नाही. जोडणीला मोटारसायकलच्या दुकानातला दोन पिनांचा कपलर घेतला, उलटा बसतच नाही. बाबांनी अंधारात लावला तरी काळजी नाही.

डबा म्हणजे घट्ट झाकणाचा, पोह्याचा. वायर बाहेर काढायला ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट आवळणारं बूच, लावला, इलेक्ट्रिकच्या दुकानात याच नावाने मिळतो. डबा सीटच्या मागे, खाली, पट्ट्याने आवळलेला. कयाक उलटली तर दीड किलोचा दगड मोकळा नको. पहाटे आतून घाम धरतो म्हणून चपलेच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, चालून जातं.

मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी चार्ज करू नका. ४५ अंशांच्या वर चार्ज करणं सेलला मानवत नाही, आणि आमच्याकडे पत्र्याखाली तेवढं सहज होतं. मी रात्री ओसरीवर लावायचो. पाण्यावर असताना डब्यावर ओली चुंगडी, म्हणजे गोणपाट.

एक तक्रार अजून सुटलेली नाही. त्याच बॅटरीवरून स्वस्तातल्या यूएसबी चार्जरने फोन चार्ज करायला घेतला की स्क्रीनभर पावसासारखे ठिपके येतात. पहिल्या दिवशी मी त्याला माशांची झुंड समजून अर्धा तास गळ टाकत बसलो. चार्जर काढला, झुंड गायब. सध्या फोनसाठी पॉवरबँक नेतो.

पाऊस सुरू झाल्यापासून कयाक उलटी टांगलीय. बॅटरी अर्धी भरून कोठीत ठेवलीय, भरून ठेवली तर सेल लवकर म्हातारे होतात. पंपाची जुनी बॅटरी परत पंपात गेली, आणि ती तिथेही तीनच तास चालते.