युंगफ्राउयोखची एक दिवसाची फेरी: हिमनदीइतकीच पाहण्यासारखी रेल्वे

आपली सांगली आणि स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून जवळजवळ सारख्याच, म्हणजे साडेपाचशे मीटरांच्या आसपासच्या उंचीवर आहेत. मात्र इंटरलाकेनहून सकाळी गाडीत बसलेला माणूस दुपारच्या आत 3,454 मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोख स्थानकात, हिमनदीच्या माथ्याशी जाऊन उतरतो. गेल्या जूनमध्ये वडिलांना घेऊन आम्ही ही फेरी केली.

लाउटरब्रुनेनला गाडी बदलून आम्ही क्लाइने शायडेगला पोहोचलो. तिथून युंगफ्राउची खरी रेल्वे सुरू होते. फलाटावर उतरताच वडिलांनी वाकून रुळांकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली मीटरगेज!" पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज होण्यापूर्वी त्यांनी त्यावरून पुष्कळ प्रवास केला आहे, त्यामुळे त्यांची नजर चुकणे शक्यच नव्हते. फरक होता तो दोन रुळांच्या मधोमध बसवलेल्या दातेरी पट्टीचा. गाडीखालचे दातेरी चाक या पट्टीत अडकत अडकत वर चढते. आपल्याकडे नीलगिरीच्या गाडीला अशी व्यवस्था आहे, पण तिथला सर्वांत कठीण चढ साधारण बारास एक, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा असतो, तर इथे तो चारास एक इतका तीव्र होतो. उतरताना गाडीच्या मोटारी उलट वीज निर्माण करून तारांत परत सोडतात, हे कळल्यावर वडिलांचे बर्फाकडे जवळजवळ दुर्लक्षच झाले.

अडॉल्फ गुयर-झेलर या उद्योजकाच्या कल्पनेतून 1896 मध्ये या मार्गाचे काम सुरू झाले. तो 1899 मध्ये वारला आणि गाडी वरच्या स्थानकापर्यंत पोहोचली ती 1 ऑगस्ट 1912 रोजी. सुमारे सव्वानऊ किलोमीटरांच्या या मार्गापैकी सात किलोमीटरांहून अधिक भाग आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातील बोगद्यात आहे. खिडकीतून सतत हिमशिखरे दिसतील अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांची म्हणूनच निराशा होते. वर जाताना आइसमेर येथे गाडी पाच मिनिटे थांबते आणि खडकात कोरलेल्या खिडक्यांतून खालची हिमनदी दिसते. आमच्या डब्यातील निम्मी मंडळी तेव्हा झोपेत होती.

वर पोहोचल्यावर समोर पसरलेली आलेच हिमनदी आल्प्समधील सर्वांत लांब असून तिची लांबी सुमारे 20 किलोमीटर, म्हणजे सांगली-तासगाव अंतराहून थोडीच कमी आहे. तिच्यावर लांबवर गेलेले काळपट पट्टे हे बर्फाने डोंगरकडांवरून ओढून आणलेल्या दगडमातीचे असतात. बर्फ कोरून केलेला महाल उणे तीन अंशांवर राखावा लागतो, कारण पाहुण्यांच्या अंगाच्या उष्णतेनेच तो वितळू लागतो. गंमत म्हणून नेलेले भडंगाचे बंद पाकीट इथे फुग्यासारखे टम्म फुगले. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही किंचित कमी असल्याचे हे प्रात्यक्षिक होते, आणि दहा पायऱ्यांत धाप का लागते याचा उलगडाही त्यातच झाला. वडिलांना आम्ही अगदी सावकाश चालवले आणि दर थोड्या वेळाने बसवले.

तक्रार आहे ती आमच्या सहल कंपनीविषयी. वर फक्त दोन तास मिळाले आणि त्यांतला जवळजवळ एक तास भारतीय जेवणाच्या रांगेत गेला. इतक्या उंचीवर असे जेवण मिळणे ही सोय मोठीच आहे, पण त्यासाठी लिफ्टने स्फिंक्स या वेधशाळेच्या सज्ज्यावर जाणे हुकावे, हे मला पटलेले नाही. शिदोरी सोबत नेलेली बरी.

सवलत नसेल तर परतीचे तिकीट माणशी 200 फ्रँकांच्या वर जाते. त्यामुळे सकाळी वरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहूनच ते काढावे. ढग असतील तर एवढे पैसे देऊन केवळ पांढरी भिंत दिसेल. डिसेंबर 2020 पासून ग्रिंडेलवाल्ड गावाहून याच रेल्वेच्या आयगरग्लेचर स्थानकापर्यंत रोपवेही सुरू आहे आणि तो पंधरा मिनिटांत पोहोचवतो. मात्र जाताना त्याने गेल्यास शायडेगचा टप्पा चुकतो, म्हणून जाताना रेल्वे आणि येताना रोपवे असा क्रम मी सुचवीन. त्याच्या डब्यात बसायला आसने आहेत, आणि दिवसभराच्या चढउतारानंतर वडिलांच्या गुडघ्यांना त्यांचाच आधार वाटला.