माझ्या नावाचा ब्रँड केला आणि माझ्याच माणसांना गंडवलं

55,028 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो सांगायला मला अकरा दिवस लागले.

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटीमध्ये सतरा वर्षं काढली. फेब्रुवारीत लाइन बंद झाली, आम्हा बावीस जणांना घरी बसवलं. वय 44, फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी दहावीत. दोन महिन्यांत 140 अर्ज केले, उत्तरं आली तीन. शेवटी लिंक्डइनच्या फोटोभोवती 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी लावली आणि तिसऱ्याच दिवशी एका 'करिअर स्ट्रॅटेजिस्ट' बाईंचा मेसेज आला. ती पट्टी बघूनच हे लोक गिऱ्हाईक हेरतात. ती फक्त रिक्रूटरना दिसेल अशी सोय सेटिंगमध्ये आहे, तीच वापरा.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. आधी 'प्रोफाइल ऑडिट'चे 1,999. त्यात मला शंभरपैकी 31 मार्क. "सर, तुमच्यात काही कमी नाही, तुमचा रिझ्युमे एटीएसमध्येच, म्हणजे अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच अडकतोय." दोन महिने फक्त नकार ऐकणाऱ्या माणसाला 'तुमच्यात कमी नाही' हे वाक्य काय वाटतं, ते ज्याची नोकरी गेलीय त्यालाच कळेल. मग प्रोफाइल मेकओव्हरचे 8,500 आणि वर 18 टक्के जीएसटी 1,530, म्हणजे 10,030. मग पर्सनल ब्रँडिंगचं तीन महिन्यांचं पॅकेज, 24,999. आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या कंपनीत मुलाखत ठरलीय म्हणून व्हेरिफिकेशनचं 'रिफंडेबल' डिपॉझिट 18,000. नोकरी देणारा कधी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. डिपॉझिट नाही, ट्रेनिंग फी नाही, लॅपटॉपचे नाहीत, कशाचेच नाहीत.

मी भोळा माणूस नाही. केवायसीचे, लॉटरीचे, वीज तोडण्याचे फोन मी शेकड्याने कापलेत. पण इथे रोज झूमवर समोर बसून बोलणारी बाई होती, छापील बिल होतं, बाणेरचा पत्ता होता.

त्या 10,030 च्या वेळीच मला कळायला हवं होतं. बिलावर 'प्रायव्हेट लिमिटेड'. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव आलं एका साध्या माणसाचं. मी थांबलो. पिन टाकला नाही, फोन लावला. "सर, कंपनीच्या खात्याचं आजचं लिमिट संपलंय, हे आमच्या अकाउंट्सच्या मुलाचं आहे." आणि मी पिन टाकला. सतरा वर्षं मी इनवर्डला, म्हणजे बाहेरून माल येतो तिथे उभा राहून चलानवरचा पार्ट नंबर आणि बॉक्सवरचा नंबर जुळवला. एक अंक चुकला तरी गाडी परत पाठवली, सप्लायरशी भांडलो, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. आणि स्वतःच्या पैशांच्या वेळी समोर दिसणारं नाव सोडून दिलं. रात्री झोप लागत नाही ती 55 हजारांमुळे नाही, त्या एका मिनिटामुळे.

बिलावरचा जीएसटी क्रमांक 09 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता, फुकट, कुठलाही क्रमांक तपासता येतो. मी नंतर तपासला. तो अस्तित्वातच नाही.

डिपॉझिट भरल्यावर तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन बंद झाला. तरी मी वाट बघत राहिलो. आठव्या दिवशी माझ्या हाताखाली काम केलेल्या एका मुलाचा फोन आला. "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून ऑडिटचे भरले, मेकओव्हरचे पण भरू का?"

'पोस्ट आम्हीच टाकू' म्हणून त्यांनी माझा लिंक्डइनचा पासवर्ड घेतला होता. इनबॉक्स उघडला तर माझ्या नावाने 212 जणांना मेसेज गेलेले: 'मला यांच्यामुळे दोन ऑफर आल्या, तूही बोलून घे.' जुने सहकारी, व्हेंडर, माझ्या मेव्हण्याचा मुलगासुद्धा. त्या मुलाचे 1,999 मी माझ्या खिशातून परत केले. पासवर्ड कुणालाही देऊ नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा.

त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पैसे गेल्या गेल्या केला असता तर समोरचं खातं गोठवता आलं असतं, आठ दिवसांनी काय उरणार? एवढी माझी चूक मान्य. पण पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर टाका. टाकलेली तक्रार दाखवली, तर म्हणाले हद्द तुमच्या ठाण्याची. परत ठाण्यात. तिथले साहेब माझा रिझ्युमे हातात धरून म्हणाले, "हा करून दिला ना त्यांनी? मग फसवणूक कसली? दिवाणी भानगड आहे, वकील बघा." मुलाखत खोटी, बिल खोटं, माझ्या नावाने 212 खोटे मेसेज, आणि ही दिवाणी भानगड! बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांचं संरक्षण आपण न केलेल्या व्यवहारांनाच होतं, हे मला त्या काउंटरवर कळलं. चार खेपा, प्रत्येक वेळी तीच कहाणी नव्या माणसासमोर पहिल्यापासून, आणि प्रत्येक जण तोच प्रश्न विचारणार: शिकलेले असून कसे फसलात?

हद्दीचं कारण सांगून तुम्हाला परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चं नाव घ्या. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मी पाचव्या खेपेला हे केलं तेव्हा कुठे अर्ज घेतला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, ती तक्रारही तयार करतोय.

पोर्टलवर माझी तक्रार अजून 'अंडर प्रोसेस' आहे. त्या 212 जणांपैकी कुणी हे वाचत असेल तर तो मेसेज माझा नव्हता. पैसे भरले असतील तर लाजू नका, मला फोन करा. तक्रारीला तुमचंही नाव जोडू, स्क्रीनशॉट तेवढे जपून ठेवा.