मिरजेहून आणलेला तानपुरा, पाच महिने वापरून झाल्यावर

सुरुवातीलाच सांगते, दुकानाचं नाव लिहीत नाहीये. मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलात की ओळीने तीच पाटी, तेच आडनाव, मालक एकमेकांचे चुलत नाहीतर मावस, आणि मी चार दुकानं हिंडले तर चारही ठिकाणी काम बघत बसावं असं होतं. मी घेतला त्याच्यापेक्षा शेजारचा वाईट असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही.

तर आधी माझा मूर्खपणा. दोन वर्षांपूर्वी ऑनलाईन एका ठिकाणाहून 'ओरिजिनल मिरज' लिहिलेला तानपुरा मागवला होता. फोटोत इतका देखणा की नवरा म्हणाला हॉलमध्ये ठेवू. हॉलमध्येच राहिला. तार छेडली की टण्ण, संपलं. आवाज पुढे जातच नाही. गाण्याच्या क्लासमधल्या ताईंनी एकदा हात लावला आणि म्हणाल्या, "अगं याला जवारीच नाहीये, ही नुसती भोपळ्याला लावलेली तार आहे." (जवारी म्हणजे तारेचा आवाज गुंजावा म्हणून घोडीची केलेली घासणी, पुढे सांगते.) त्याच म्हणाल्या मिरजेला जा, समोर बसून घे.

महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे मिरजेला उतरलो, दुकानं उघडेपर्यंत चहा, पोहे, परत चहा. आम्ही गेलो ते दुकान म्हणजे पुढे एक गाळा आणि मागे अख्खं घर. भिंतीला भोपळे टांगलेले, खाण्याचे नाहीत, हे कडू, जाड सालीचे. भीमाकाठाहून येतात, पंढरपूर, बेगमपूर त्या पट्ट्यातून. पिकले तरी वेलीवर वाळू देतात, मग पाण्यात भिजवून मऊ करायचे, कापून आतला गर आणि बिया काढायच्या, तोंड उघडं राहावं म्हणून आत काटक्या अडकवून परत उन्हात. हे काम करणारा पोरगा फार तर अठरा-एकोणीसचा असेल, कानात इयरफोन. मला वाटलं शिकाऊ आहे म्हणून किरकोळ काम दिलंय. ज्यांच्याकडून तानपुरा घेतला ते चाचा म्हणाले, "तसं नाही ताई, मी पण इथनंच सुरू केलंय. बिया काढण्यातच तीन वर्षं गेली माझी." मग दांडी, ती तुणाच्या लाकडाची, मग तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, मग खुंट्या, मग पानांचं कोरीव काम, आणि जवारीला हात लावायला मिळाला तेव्हा लग्न होऊन दोन पोरं झालेली.

आता हा जवारीचा मामला जरा सांगते, कारण पैसे त्याचेच द्यायचे असतात, नक्षीचे नाही. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा वरचा भाग सपाट दिसतो पण सपाट नसतो, अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला घासत घासत जाते म्हणून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. उतार एवढा बारीक की डोळ्याला कळत नाही. चाचा कानस दोनदा फिरवायचे, फुंकर मारायचे, तारा परत चढवायचे, सुरात लावायचे, ऐकायचे, मान हलवायची, परत तारा खाली. हे माझ्यासमोर सव्वा तास चाललं. मग प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवला आणि तो एका जागी आला ना तेव्हा अख्खी खोली बोलायला लागली. नवऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तो पण फोन खाली ठेवून बसला.

मी विचारलं कोणाकडून शिकलात. म्हणाले वडिलांकडून हात शिकलो, कान गवयांनी दिला. गिऱ्हाईक म्हणून आलेले गायक तासन् तास शेजारी बसायचे, हा सूर उघडा लागतोय, हा दबलाय, जरा बंद कर, आणि तेवढं ऐकून ऐकून कान झाला. हे मला फार पटलं. तसं बघितलं तर अख्ख्या गल्लीची गोष्ट हीच आहे. हे मूळचे शिकलगार, तलवारी, भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम बसलं. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन, त्यांना गाण्याचा नाद, दरबारात गवई यायचे, त्यांची वाद्यं बिघडली तर जवळपास दुरुस्त करणारं कोणी नाही. 1850 च्या आसपास फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम अंगावर घेतलं, दुरुस्त करता करता नवीन बनवायला लागले आणि पुढे आडनावच सतारमेकर झालं. ज्या हातांना पोलादाची धार कळायची त्यांच्याच घरात आता घोडीचा उतार घासतात. नंतर किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, असा कान असलेला माणूस गावात म्हटल्यावर कारागिरांची काय टाप होती सुमार माल द्यायची! 1937 साली खाँसाहेब गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, ऑर्डर देऊन झाल्यावर आम्ही तिथेही जाऊन आलो.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला. चाचांना विचारलं फरक पडला का, तर हसले, म्हणाले फोन वाढलेत, फोटो मागणारे वाढलेत. त्यांचा मोठा मुलगा कंपनीत आहे, या कामात नाही. धाकटा भाचा आहे, तोच तो इयरफोनवाला. मोबाईलवर तानपुरा फुकट वाजतो त्या काळात हा पोरगा बिया काढतोय हे बघून बरं पण वाटलं आणि कससं पण झालं.

बरं, व्यवहाराचं. समोर जवारी करून दाखवलेला तानपुरा दुसऱ्याचा होता. माझा ऑर्डरने, लेडीज साईज, काळी चारला (म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला), पहिली पंचमाची तार आणि मधला जोड, म्हणजे सारख्या दोन तारा, स्टीलच्या, शेवटची खरज म्हणजे खालच्या सा ची तार पितळेची. बॉक्स धरून चौतीस हजार पडले. घासाघीस केली नाही, सव्वा तास बघितल्यावर तोंडच उघडलं नाही. कोरीव काम कमी घेतलंत तर चार-पाच हजार वाचतात, आवाजात काही फरक नाही, हे त्यांनीच सांगितलं.

तक्रारी आहेत. दोन महिने सांगून चार लावले. फोन तीनदा केला की एकदा उचलणार आणि "झालाच ताई, पॉलिश वाळतंय." ते पॉलिश बहुतेक भर पावसात कृष्णेच्या काठावर वाळत होतं. शेवटी आम्हीच परत जाऊन घेऊन आलो, ट्रान्सपोर्टने मागवायची हिंमत नव्हती. पंचमाची खुंटी अजून सरकते, खडू लावला की दोन दिवस नीट. आणि चाचांनी आधीच सांगितलं होतं, "आज झकास वाटतंय, पण तारा नवीन आहेत, घोडीवर बसतील तशी जवारी उतरणार बघा." उतरलीच. साडेतीन महिन्यांनी जोडाचा आवाज जरासा चपटा यायला लागला. मला आधी वाटलं माझाच कान बिघडला, ताई म्हणाल्या नाही गं, आत्ता कुठे यायला लागलाय.

तो जुना ऑनलाईनवाला पण चाचांना दाखवायला नेला होता. त्यांनी उलटा केला, भोपळ्यावर टिचकी मारली, म्हणाले दांडी बरी आहे, भोपळा पातळ आहे, घोडी बदलून बघतो, चालला तर चालला. तो अजून तिथेच आहे. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या वेळी भाचा पुण्याला येणारे, आमच्या क्लासमधल्या पाच तानपुऱ्यांची जवारी एकदमच करून घ्यायची ठरलीये, तेव्हा आणतो म्हणालाय. जवारी तो स्वतः करणार की चाचा सोबत येणार हे विचारलं तर म्हणाला, "मी दोरा लावतो, कानस मामाच."