बौद्ध मत खरं की खोटं: कोणती कसोटी कुठे चालते

बौद्ध मताचा निवाडा बाहेरच्या माणसाला करता येतो का, या प्रश्नावर दोन उत्तरं हमखास मिळतात. एक म्हणतो, आत्मा तर सिद्धच आहे, मग अनात्मवाद खोटा. दुसरा म्हणतो, ज्याने ध्यान केलं नाही त्याने बोलू नये. पहिल्याने निकाल लिहून ठेवून मग खटला उभा केलाय. दुसरा खटला दाखलच करून घेत नाही, आणि गंमत म्हणजे त्याला बौद्ध परंपरेचाच पाठिंबा नाही. सोनं तापवून, कापून, घासून पारखतात तसं माझं वचन पारखा, नुसत्या आदरापोटी घेऊ नका, हा बुद्धाच्या तोंडचा श्लोक शांतरक्षिताने आठव्या शतकात तत्त्वसंग्रहात घेतला आहे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांचं प्रमाणशास्त्र (ज्ञान खरं कशावरून ठरतं याचा विचार) तर परमतवाल्यांशी वाद घालतच घडलं.

त्या वादांचा एक नियम कसोटी निवडायला आजही पुरतो. हेतू (दाव्यासाठी दिलेलं कारण) आणि दृष्टान्त (उदाहरण) दोन्ही पक्षांना मान्य असलेलेच द्यायचे. एकालाच मान्य असलेला हेतू ‘असिद्ध’ ठरतो, मग तो कितीही पवित्र ग्रंथातून आणलेला असो.

वेदान्ताची कसोटी

शंकराचार्यांचं बौद्धखंडन ब्रह्मसूत्रभाष्यात 2.2.18 ते 2.2.32 या सूत्रांवर आहे. त्यात एक मुद्दा पक्का आहे आणि एक साफ घसरलेला. पक्का मुद्दा 2.2.25 वर: पाहणारा आणि आठवणारा एकच नसेल, तर ‘मीच ते पाहिलं होतं’ ही आठवण कुणाची? आठवण होते हे दोघांनाही मान्य आहे, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी बौद्धावर येते. बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या नवव्या प्रकरणात ते आधीच दिलेलं आहे: एकाच चित्तप्रवाहात आधीचा क्षण पुढच्याचं कारण असतो, म्हणून माझी आठवण तुम्हाला होत नाही. हे पटतं की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं. निदान वाद समान जमिनीवर आहे.

घसरण 2.2.32 वर होते. बाह्यार्थवाद (बाहेरच्या वस्तू खऱ्या), विज्ञानवाद (फक्त चित्त खरं) आणि शून्यवाद (कशालाच स्वतंत्र अस्तित्व नाही) ही परस्परविरोधी मतं शिकवणारा बुद्ध असंबद्ध बोलतो, असा तिथे ठपका आहे. ही मतं वेगवेगळ्या काळी उभ्या राहिलेल्या वेगवेगळ्या संप्रदायांची. ‘बौद्ध मत’ असा एकच गठ्ठा तोलायला घेतला की हे होतंच. आधी दावा कोणाचा ते लिहून काढा: सुत्तांचा (बुद्धाच्या उपदेशांचा), अभिधर्माचा (नंतरच्या तात्त्विक मांडणीचा), की शून्यवादी आचार्य नागार्जुनाचा.

न्यायाची कसोटी

क्षणभंगवाद म्हणजे प्रत्येक गोष्ट एकच क्षण टिकते हे बौद्ध मत. त्यासाठी न्याय दर्शनाच्या तर्काहून चांगली कसोटी नाही. कणगीतलं बी उगवत नाही, वाफ्यात पडलेलं उगवतं. बौद्ध विचारतो: बी तेच असेल तर उगवण्याचं सामर्थ्य कणगीतही होतंच, मग तिथे का उगवलं नाही? नव्हतं म्हणाल, तर वाफ्यातलं बी निराळं. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शन मानणारा, म्हणतो, सामर्थ्य होतं. माती, पाणी हे सहकारी नव्हते. बौद्धाचा पुढचा प्रश्न: सहकारी बियात फरक घडवतात की नाही? घडवत असतील तर बी बदललं, नसतील तर त्यांची गरज काय?

नैयायिक उदयनाचार्य आत्मतत्त्वविवेकात ही गाठ सोडवतात. सहकारी मिळाले की कार्य करणं, हेच सामर्थ्य. ते नसताना स्वस्थ राहणं त्याच्या विरोधात जात नाही. एकाच बियात दोन्ही राहू शकतं. बी, माती, अंकुर सगळं दोघांनाही मान्य असल्याने इथे बाहेरच्याला खरोखर निवाडा करता येतो, आणि आमच्या मते या ठिकाणी बौद्धाची बाजू लंगडी पडते. पण त्यातून अनित्यता खोटी ठरत नाही. सगळं बदलतं हे सुत्तांचं म्हणणं. दर क्षणी नष्ट होऊन नवं निपजतं, ही नंतरच्या आचार्यांची मांडणी. पडलाय तो दुसऱ्यासाठीचा एक युक्तिवाद.

नागार्जुनापुढे मात्र ही कसोटी अडते. विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात तो सांगतो, माझी प्रतिज्ञाच (सिद्ध करायचा दावाच) नाही, मग दोष कुठला? नैयायिक याला वितंडा म्हणतात, म्हणजे स्वतःचं मत न मांडता नुसतं दुसऱ्याचं खंडन. खोटं ठरवता येत नाही हे खरं, पण मग त्याच्या अनुयायांनी ‘आमचं तेवढं खरं’ असंही म्हणू नये.

फळ कोणाला?

आत्मा नाही, तर कर्माचं फळ कोण भोगतो? केलेलं वाया जातं आणि न केलेलं पदरी पडतं: कृतनाश आणि अकृताभ्यागम. हा आक्षेप ब्राह्मणी दर्शनांनी घेतला, आणि 1873 साली श्रीलंकेत पाणदुराच्या जाहीर वादात पाद्री डेव्हिड डिसिल्व्हा यांनी मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांसमोर जवळपास तोच ठेवला. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाच्या मिलिंदपञ्ह या ग्रंथात नागसेनाचं उत्तर आहे: चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा. राजा त्याला सोडेल का? या उत्तराने जबाबदारीची साखळी दिसते, पण एका जन्मातून दुसऱ्यात ती कशी जाते हे दिसत नाही.

विज्ञान आणि चार्वाक

इथे काही दावे सरळ पडतात. अभिधर्मकोशातला मेरू पाण्यावर 80,000 योजने उंच आहे, सूर्य-चंद्र त्याच्या निम्म्या उंचीवरून फिरतात. चौदाव्या दलाई लामांनीही हे विश्ववर्णन सोडून दिलं आहे. पुनर्जन्माचं तसं नाही. ‘चित्ताचं उपादान (मूळ कारण) चित्तच’ हा धर्मकीर्तीचा आधार चार्वाकासारख्या जडवाद्याला मान्य नाही, म्हणून असिद्ध. ‘मेंदूबाहेर चित्त नाही’ हा जडवाद्याचा आधार बौद्धाला मान्य नाही, म्हणून तोही असिद्ध. ध्यानाने ताण कमी होतो असं दाखवणाऱ्या अभ्यासांवरून निर्वाण सिद्ध झालं म्हणणारे लोक याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने पडतात.

साधनेची कसोटी

वेदालाच प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांचा टोला झणझणीत आहे: सुगत (बुद्ध) सर्वज्ञ आणि सांख्यांचा कपिल नाही, याला प्रमाण काय? दोघेही असतील तर मतभेद का? धर्मकीर्ती सर्वज्ञतेचा आग्रहच बाजूला ठेवतो. जगात किडे किती हे बुद्धाला माहीत असून आम्हाला काय उपयोग? काय टाकावं, काय घ्यावं हे तो जाणतो का, एवढंच पाहा. दुःख तृष्णेतून येतं हा दावा त्यामुळे कोणालाही स्वतःवर तपासता येतो. पण अनुभव आला नाही की ‘साधना कमी पडली’ असं म्हणायची सोय ठेवली, तर ती कसोटी उरत नाही.

आंबेडकरांची कसोटी

महाराष्ट्रात निर्णयाचा प्रश्न बहुधा याच रूपात येतो. 1950 च्या लेखात बाबासाहेबांच्या अटी अशा: धर्म विज्ञानाशी सुसंगत हवा, स्वातंत्र्य-समता-बंधुता मानणारा हवा, दारिद्र्याचं उदात्तीकरण न करणारा हवा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत ते परंपरेलाच प्रश्न विचारतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलं नसेल? चार आर्यसत्यं मुळात बुद्धाची आहेत का? अडचण एकच आहे: तर्काला धरून असेल तेच बुद्धवचन मानलं, की खोटं ठरण्याजोगं काही शिल्लकच राहत नाही. दीक्षा घ्यायची की नाही, हे ठरवणाऱ्याला ही कसोटी पुरते, कारण त्याचा प्रश्न कसं जगायचं हा आहे. क्षणभंग किंवा पुनर्जन्म खरा की खोटा, हे त्यातून काढायला जाऊ नये.